गाळातले तांबे

बजाजनगर, औरंगाबाद
८ फेब्रुवारी १९९८

रामकिसन,

आशीर्वाद लिहीत नाही. ते घरच्या माणसाला लिहितात, आणि तू गेल्या उन्हाळ्यात घराला वळसा घालून गेलास.

प्रश्न एकच आहे. तो आधी विचारते, म्हणजे पुढचे वाचायचा कंटाळा आला तरी चालेल. धरणाच्या फुगवट्यातला गाळ तू नळ्यांमध्ये भरून नेलास. त्यात काय निघाले?

तुझ्या सख्ख्या भावाच्या, मल्हारीच्या मेंढ्या मरत आहेत. चांगली चरणारी मेंढी एकाएकी मान टाकते. डोळे पिवळे होतात, लघवी लाल होते. मग दोन दिवसही टिकत नाही. आधी म्हाताऱ्या मेंढ्या गेल्या तेव्हा त्याला काही वाटले नाही. आता गाभण जात आहेत.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. संक्रांतीनंतर पाणी उतरू लागले की धरणामागची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळावर ज्यांना जमते ते गहू टाकतात, वांगी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती, म्हणून धरणात गेली असेही म्हणता येत नाही, ते आपल्यासारखे लोक कडेकडेने मेंढ्या चारतात. कारखान्यांकडून येणारा नाला जिथे पाण्याला मिळतो तिथे गवत सगळ्यात आधी उगवते. मल्हारी दरवर्षी तिथेच बसतो. आप्पाही तिथेच बसायचे. तू त्याच गवतात रांगलास.

आणि तिथेच तू मे महिन्यात गुडघाभर चिखलात उभा होतास. डोक्यावर टोपी, शेजारी एक गोरा माणूस. मल्हारी नाल्याच्या अलीकडे होता. त्याने तुला चालीवरून ओळखले. आप्पासारखी टाच आधी टेकवतोस म्हणे. त्याने काठी वर केली, हाक मारली. तू नळीत डोके घातलेस.

मल्हारी अजून तुझी बाजू घेतो. "त्याला ऐकू गेलं नसंल. वारा लई व्हता."

त्याची बायको कस्तुरा घेत नाही. "वारा आपल्या पाठीमागून व्हता. हाक उलट लवकर पोचली असंल."

त्या दिवशी तू स्टेशनजवळच्या हॉटेलात राहिलास आणि औरंगपुऱ्यात त्या गोऱ्याला हिमरू शाल घेऊन दिलीस. आमच्या शाळेतल्या बाईंनी तुला दुकानात पाहिले. मला त्यांनी विचारले, "तुमचे भाऊ आले होते ना?" मी म्हटले, "हो, कालच जेवून गेले." खोटे बोलायची वेळ तू आणलीस, हे नोंदवून ठेव. नोंदी ठेवणे हा तुझा धंदाच आहे.

मल्हारीने गंगापुराहून जनावरांचा एक खाजगी डॉक्टर आणला. डॉक्टरने जीपमधूनच निदान केले. गोचीड ताप. सुया टोचल्या आणि गेला. मेंढीच्या अंगावर गोचीड आहे का ते पाहायला त्याला खाली उतरावे लागले असते.

उत्तर पाठव. एका ओळीचे चालेल.

द्वारका

•

बजाजनगर
१ मार्च १९९८

रामकिसन,

पत्र मिळाले. टाईप केलेले आहे. खाली सही आहे, तीही अशी की वाचता येऊ नये.

तू लिहितोस : "गाळातील धातूंचे प्रमाण स्थानपरत्वे बदलते. प्राथमिक निष्कर्ष मध्यम स्वरूपाचा पर्यावरणीय धोका सूचित करतात. अंतिम विश्लेषण पूर्ण होईपर्यंत भाष्य करणे उचित ठरणार नाही."

माझ्या नववीच्या वर्गातल्या मुलाने असे लिहिले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. मध्यम धोका म्हणजे काय? मेलेली मेंढी मध्यम मेलेली नसते.

या तीन ओळींनंतर दोन पाने तू तिकडे ज्यावर काम करतोस त्या खाजणाबद्दल आहेत. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये अडकलेले ते उथळ पाणी, त्यावर उतरणारे पक्षी, तळाचा काळा गाळ, त्या गाळात साठणारे शिसे आणि जस्त, ते खाऊन हळूहळू निकामी होणारे शिंपले. छान लिहिले आहेस. माया आहे त्यात. शिंपला तोंड मिटून घेतो आणि आत विष असेल तर पुष्कळ वेळ उघडत नाही, हे वाचून मला तुझीच आठवण झाली. त्या शिंपल्यांना तुझ्यासारखा वाली मिळाला. मल्हारी चुकीच्या जन्माला आला.

तुझा गोरा मित्र खाजणाशी तुलना करायला देशातले गोडे पाणी शोधत होता, म्हणून तू त्याला इथे आणलेस, असेही लिहिले आहेस. तुलना म्हणजे काय ते मला कळते. आपल्या गावाचा उपयोग दुसऱ्याचे गाव समजून घ्यायला करायचा.

आता माझा प्रश्न आणखी सोपा करते. तांबे आहे ना? हो किंवा नाही. प्रमाण नको, स्थान नको.

मल्हारीने परवा एक मेंढी फाडून पाहिली. काळीज हळदीसारखे पिवळे आणि गुर्दे तव्याच्या बुडासारखे काळे. त्याने ते हातात धरून मला दाखवले. मी त्याला कळप घेऊन तिथून उठायला सांगितले.

"कुठं जाऊ आक्का? वरच्या माळावर कुसळं बी नायत."

"कुठेही जा. या गाळात विष आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू मराठी शिकवतीस."

कस्तुरा चुलीपाशी हसली. "शिकवू द्या की. मेंढी मेली म्हंजी काय म्हणायचं ते तरी सांगतील. निधन का काय ते."

मी पुन्हा म्हटले, उठ. तेव्हा मल्हारी म्हणाला, "रामकिसन म्हणला तर आत्ता मेंढरांची जाळी गुंडाळतो. त्यो शिकलाय त्यातलं. त्यानं चिखल नेलाय. त्याला म्हाईत."

तेव्हा मामला असा आहे. मी त्याच्यापुढे उभी राहून ओरडले तरी तो हलणार नाही. तू हजार मैलांवरून खोकलास तरी हलेल. ज्याला तू ओळख दिली नाहीस त्याचा जगात एकट्या तुझ्यावर विश्वास आहे. मला त्याचाही राग येतो, पण त्याला निदान शहाणपणाचा पगार मिळत नाही.

एक ओळ. त्याच्या नावाने. मी वाचून दाखवीन.

द्वारका

•

बजाजनगर
१५ मार्च १९९८

रामकिसन,

मी तुला हो की नाही विचारले. तू मला दोन प्रश्न विचारलेस. "तांबेच का म्हणालीस?" आणि "दाजी हल्ली कुठे काम करतात?"

वकिलीही करतोस का तिकडे?

तांबे म्हणाले कारण आमच्या शाळेत विज्ञानही शिकवतात आणि मी शिक्षकांच्या खोलीत कान मिटून बसत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुला माहीत आहे. हे कारखान्याच्या ज्या शेडमध्ये होते त्याच शेडमध्ये आहेत, फक्त आता सुपरवायझर आहेत. नळांना मुलामा देतात. आधी तांब्याचा थर, मग निकेलचा, मग क्रोमचा. तुझ्या घरच्या नळाला हात लावशील तेव्हा अशाच कुणा दाजीच्या हातचे काम असेल. त्यांच्या बनियनवर निळे-हिरवे डाग पडतात, ते मी वेगळ्या बादलीत धुते. इथल्या सगळ्याच बायका धुतात. शेडमागे पाण्याची टाकी आहे. शेडचे सगळे पाणी टाकीत जाते. मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा माझ्या घराचा या गोष्टीशी संबंध जोडू नकोस.

तू प्रश्न विचारत होतास तेव्हा इकडे काय झाले ते ऐक.

मेंढ्या मलूल होत्या, चरेनात. मल्हारीने ठरवले की पोटात जंत आहेत. जंत म्हटले की आप्पा काय करायचे ते तुला आठवते. मोरचूद. निळे खडे मडक्यात विरघळवायचे आणि बांबूच्या नळीने एकेकीच्या घशात ओतायचे. आप्पांच्या हाताने कधी एक मेंढी दगावली नाही, आजोबांच्याही नाही. मल्हारीने तेच केले, तेवढेच केले. फक्त आप्पांच्या मेंढ्यांच्या काळजात आधीच तांबे भरलेले नव्हते.

मोरचूद म्हणजे तांबेच, हे तुला सांगायला नको. मला ते विज्ञानाच्या सरांनी सांगितले, आणि तेही मेंढ्या मेल्यावर.

सकाळी जाळीच्या आत ज्या पडल्या होत्या त्या सगळ्यात धडधाकट होत्या. मल्हारी त्यांच्यामध्ये बसला होता. म्हणत होता, "मी तर आप्पावानीच पाजलं. आप्पावानीच."

म्हणून परवा मी गेले आणि सांगितले की तुझे पत्र आले आहे.

तुझा टाईप केलेला कागद पर्समध्ये होता. तो उघडून धरला आणि वाचला : "गाळात तांबे साठले आहे. मेंढ्यांना ते सोसत नाही. नाल्याच्या तोंडावरून आजच उठ. मोरचूद पुन्हा पाजू नकोस." तुझ्या कागदावरून मी माझी वाक्ये वाचली. तुझ्यापेक्षा बरी होती.

मल्हारीने दोनदा वाचायला लावले. मग विचारले, "वर काय लिवलंय? सुरवातीला?"

मी म्हटले, "प्रिय बंधू मल्हारी यास."

"बंधू लिवलंय?"

"हो."

तो तोंड फिरवून बसला. मग उठला आणि जाळी गुंडाळायला लागला. दुपारपर्यंत घोडीवर बिऱ्हाड चढले होते. कळप वरच्या अंगाला, कपाशी उपटलेल्या रानात नेला. तिथे चारा नाही, पण मेंढ्यांना तिथे पालापाचोळा चावताना पाहून मला पहिल्यांदा जेवण गेले. वाटेत भेटेल त्याला तो सांगत होता, "आमच्या रामकिसननं लिवलंय. गाळात तांबं हाय."

तो भेटेल त्याला जे सांगतो ते तात्यासाहेबांपर्यंत पोचते. तात्यासाहेबांचा नाल्याच्या तोंडाशी गाळपेरीचा गहू उभा आहे आणि वांगी गंगापूरच्या बाजारात जातात. मेंढ्या त्यांच्याच रानात खतासाठी बसायच्या. ते चिडले आहेत. म्हणतात, "धनगराच्या मेंढ्यांना रोग, अन् बदनामी माझ्या वांग्याची?" गावात फोन त्यांच्याच घरी आहे. ते तुला विचारणार आहेत.

तुला लिहायचे नव्हते, ते मी समजू शकते. भित्रा माणूस लिहीत नाही. पण बोलायला काही लागत नाही. फोन आला की हो म्हण. बाकी सगळे मी केलेले आहे.

द्वारका

•

बजाजनगर
२९ मार्च १९९८

रामकिसन,

काल पाडवा होता. तात्यासाहेबांच्या ओसरीवर लोक कडुनिंब चावत बसले होते. मला मुद्दाम बोलावणे होते. मल्हारी पायरीखाली उभा होता. त्याला वर ये म्हणायचे कुणाला सुचले नाही.

तात्यासाहेबांनी फोन लावला. तुझ्याशी ते किती गोड बोलले!

"काय डॉक्टरसाहेब, ओळखलं का? अहो तात्या बोलतोय. नाव काढलं गावाचं तुम्ही... नाय, तसं काय नाय. तुमच्या नावावर इथं बोभाटा चाललाय, म्हणून म्हणलं खात्री करावी. गाळात ईख हाय असं तुम्ही लिवलं का मल्हारीला?... नाय? कायच नाय लिवलं?... अस्सं. थांबा, त्यालाच सांगा."

मल्हारी चपला काढून वर आला. फोन कानाला लावला. तो काय म्हणाला ते मी अक्षरशः लिहिते, कारण तुझ्याकडून मी ऐकले नाही आणि ऐकायची इच्छा नाही.

"व्हय... बरं... व्हय... बरं... नाय नाय, राग कशाचा... तू जेवलास का?"

मग त्याने फोन ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही. तात्यासाहेबांना म्हणाला, "त्यानं कायच लिवलं नव्हतं." ओसरीवरचे लोक हसले. एकाने म्हटले, "मास्तरीणबाई, गोष्ट चांगली रचली व्हती." तात्यासाहेबांनी मल्हारीच्या हातावर गूळ ठेवला.

तू खरे बोललास. अभिनंदन. तू काहीच लिहिले नव्हतेस, ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. आयुष्यात तू मल्हारीशी जी खरी गोष्ट बोललास ती ही.

संध्याकाळच्या आत कळप पुन्हा नाल्याच्या तोंडाशी होता. मी पळत गेले. म्हटले, "मल्हारी, पत्र खोटे होते, पण गोष्ट खरी आहे." तो जाळीचे खुंट ठोकत होता. म्हणाला, "आक्का, आता तू काय बी सांग, मला ती गोष्टच वाटंल."

"तुझ्या मेंढ्या मरतील."

"मरतील तर माझ्या मरतील. बंधू लिवलं म्हणून मी पंधरा दिस गावभर सांगत फिरलो." एवढेच म्हणाला आणि पुढचा खुंट ठोकायला घेतला.

कस्तुरा मला वाटेपर्यंत सोडायला आली. तिला वाटले असावे की मी रडेन. मी रडत नाही. ती म्हणाली, "सासऱ्यानं दोघांना शाळंत घातलं. दोघांनी मिळून एक धड वाक्य सांगितलं असतं ना आक्का, तर जितराब वाचलं असतं."

ती अडाणी बाई आहे. तिला वाक्य म्हणजे काय ते माहीत नाही.

रोज एखादी जाते. ज्यांचे डोळे नुकते पिवळे व्हायला लागले आहेत त्या तो आता व्यापाऱ्याला देतो. व्यापारी टेंपो भरून शहरात नेतो. शहराने खाल्ल्या असतील. शहर काहीही खाते.

मल्हारीने पुन्हा मोरचूद आणले आहे. त्याचे म्हणणे की मागच्या वेळी पाणी कमी पडले असेल. अखितीचा सण महिन्यावर आहे, तो झाला की उरलेल्यांना पाजणार. आप्पा अखितीनंतरच पाजायचे, मागच्या वेळी आपण घाई केली, असे आता त्याने ठरवले आहे. त्याची चूक त्याने शोधून काढली, इतकी निष्पाप की ती ऐकून मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आता पत्राचा उपयोग नाही. कागद माझ्या हातात दिसला की तो उठून जातो. फोनचा उपयोग नाही, तो तात्यासाहेबांच्या ओसरीवर वाजतो. तू यावेस. चिखलात उतरावेस, तुझ्या तोंडाने त्याला सांगावेस. नोकरीला धक्का लागतो का, गोऱ्या मित्राला काय वाटते, लेख आधी छापायचा असतो का, ही सगळी कारणे तू मनात जुळवत असशील. ती तुझ्या खाजणात बुडव.

आला नाहीस तर पुन्हा लिहिणार नाही. मेलेल्या मेंढ्या मोजायला तुला तुलनेसाठी दुसरे गाव सापडेल.

द्वारका

•

बजाजनगर
१५ एप्रिल १९९८

रामकिसन,

या वेळी तू हाताने लिहिलेस. अक्षर बदललेले नाही. उकार अजून दोरीसारखे लोंबतात.

सगळे वाचले. दोनदा वाचले, कारण पहिल्या वेळी हे समोर जेवत होते.

तर तांबे आहे. नाल्याच्या तोंडाशी आहे तेवढे तुझ्या खाजणाच्या सगळ्यात घाण कोपऱ्यातही नाही. हे तुला ऑगस्टपासून माहीत होते. आणि मे महिन्यात तोंडाशी काही नळ्या भरून झाल्यावर तू त्या गोऱ्याबरोबर नाल्याच्या कडेने वर चालत गेलास, कारण धातू कुठून येतो ते पाहायचे म्हणजे पाण्याच्या उलट चालायचे असते. शेडच्या रांगेपर्यंत गेलास. भिंतीतून एक पाईप बाहेर आला होता. टाकीला न जाता सरळ नाल्यात. पाईपपाशी एक माणूस उभा होता, झडप फिरवत. निळसर पाणी आले. माणसाने वर पाहिले. त्याने तुला ओळखले आणि तू त्याला.

दाजी.

म्हणून तू घरी आला नाहीस. म्हणून परत खाली येऊन शेवटची नळी भरताना मल्हारीची हाक ऐकूनही मान वर केली नाहीस, कारण मल्हारीला भेटलास तर त्याला उठ म्हणावे लागले असते आणि का उठ ते सांगावे लागले असते. म्हणून "मध्यम धोका". म्हणून पाडव्याला फोनवर "नाही". "आक्काचे घर मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो," असे तू लिहितोस. आता तू येणार आहेस, मल्हारीला गाळात उभे राहून सगळे सांगणार आहेस आणि ते कुठून आले तेही सांगणार आहेस. गावातही, तालुक्यालाही. "पण तू हो म्हणालीस तरच," असे शेवटी आहे.

उपकार केलास असे वाटून घेऊ नकोस. मी तुला गप्प राहायला सांगितले नव्हते. मी काहीच सांगितले नव्हते. माझे घर वाचवायला मल्हारीच्या मेंढ्या द्यायच्या हा हिशेब तुझा, त्यात माझा हात नाही. यांनी मला ती भेट कधी सांगितली नाही. मीही विचारले नाही. गेल्या मे महिन्यात एक दिवस हे लवकर घरी आले आणि बराच वेळ हात धूत राहिले, एवढेच मला आठवते. साबण संपला म्हणून मी बोलले होते.

काल मी शाळेतून येताना शेडच्या मागच्या अंगाला गेले. टाकी कोरडी आहे. तळाला पिंपळाचे रोप आले आहे. मी पाहिली होती ती टाकी उद्घाटनाच्या दिवशीची. तेव्हा तिला हार घातला होता.

रात्री यांना काही म्हटले नाही. यांना अजून नोकरीची बरीच वर्षे आहेत. थोरलीचे जमत आले आहे. मुलाकडचे लोक याच शेडमध्ये मोठ्या पदावर आहेत. पाईप यांनी बसवला नाही, मालकाने बसवला. झडप मात्र हेच फिरवतात आणि नाव निघाले की झडप फिरवणाऱ्याचेच निघते, मालकाचे निघत नाही, हे तुला कळत नसेल तर तू खाजणातच राहा.

तेव्हा नीट वाच.

तू ये. अखितीच्या आधी ये. स्टँडवरून थेट गंगापूरची गाडी धर, पुढे जीप मिळते. बजाजनगरला उतरू नकोस. कस्तुरा जेवायला घालेल, तिचे बोलणे ऐकून घे. मल्हारी जिथे असेल तिथे जा. मोरचुदाचे मडके तुझ्या हाताने पालथे कर. कळप त्याच दिवशी तिथून उठला पाहिजे.

तू काय सांगायचे तेही ठरवले आहे. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर तू लिहितोस : "आपल्याकडच्या काळ्या खडकात मुळातच तांबे असते, पण एवढे कधीच नसते."

यातला पहिला अर्धा सांग. तेवढा खरा आहे. खडकातले तांबे पाण्याने खाली आले, नाल्याच्या तोंडाशी साठले, मेंढीला सोसत नाही. मल्हारी दुसरे काही विचारणार नाही. तात्यासाहेबही विचारणार नाहीत, खडकावर कुणाला राग काढता येत नाही. मल्हारीला तुझे तोंड दिसले की तो उठेल.

उरलेले अर्धे वाक्य सांगायचेच असेल तर मग येऊ नकोस. मेंढ्या जातील. त्या मल्हारीच्या आहेत.

आलास तर काठावरून त्याला हाक मारू नकोस, खाली गाळात उतरून जा.

आक्का